तुम्ही विचारलेत म्हणून: पंटरच का?

फ्रीमाँटमध्ये आपली मंडळी जमली आणि अमेरिकन फुटबॉलचा विषय निघाला की मला हटकून विचारले जाते: एवढे क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा हल्ला चालवणारे खेळाडू, सोडून तुम्ही रे गाय या पंटरचे काय घेऊन बसलात? आगेकूच अडून संघाची डाळ शिजली नाही की पंटरने मैदानात यायचे, चेंडू पायाने लांब मारायचा आणि परत जायचे, त्यात कसले कौतुक, असा त्यामागे सूर असतो.

हा सूर मला लागतो, कारण या खेळातल्या थोरांना मान देणाऱ्या हॉल ऑफ फेमनेही वर्षानुवर्षे तोच लावला. 1973 साली नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत रेडर्स संघाने पहिल्याच फेरीत घेतलेला आणि तीन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेला हा खेळाडू 1986 च्या हंगामानंतर थांबला. त्याला तिथे प्रवेश मिळाला 2014 साली. तोवर तिथे निव्वळ पंटर म्हणून एकही जण नव्हता.

जानेवारी 1984 मधला टँपाचा सुपर बोल पाहा. पंटर स्नॅपरच्या मागे सुमारे पंधरा यार्डांवर उभा असतो. वाकलेल्या स्नॅपरने पायांमधून मागे फेकलेला चेंडू हातात आल्यावर तो मारायला त्याला जेमतेम दीड सेकंद मिळतो. त्या दिवशी चेंडू थेट डोक्यावरून निघाला होता. तो सुटला असता, तर समोरच्या वॉशिंग्टन संघाला कितीतरी यार्ड पुढे आयता ताबा मिळाला असता. गायने उंच उडी घेऊन तो एका हाताने खाली ओढला, पाय टेकताच सावरला आणि काही घडलेच नाही अशा लयीत मारला. रेडर्सने सामना 38–9 असा जिंकला. त्या धावफलकात या उडीचा मागमूस नाही.

त्याच्या फटक्यांची कारकिर्दीतली सरासरी 42.4 यार्ड होती आणि आजचे पंटर सहज 45 च्या पुढे जातात, हे मला मान्य आहे. म्हणून आकडे पुढे करणे मी सोडले. चेंडू हवेत इतका वेळ ठेवायचा की तो झेलणाऱ्यापाशी आपले खेळाडू पोहोचलेले असावेत, हे त्याने साऱ्या लीगला दाखवले.

2011 साली दिवाळखोरीमुळे त्याच्या तिन्ही सुपर बोल अंगठ्या लिलावात सुमारे 96,000 डॉलरला गेल्या. पंटरला कमी लेखल्याचेच हे फळ, असे मी पूर्वी तावातावाने सांगत असे. पण नावाजलेले इतर खेळाडूही कर्जात बुडाले आहेत, तेव्हा तो युक्तिवाद टिकत नाही. तरीही अंगठ्या विकल्या गेल्या तेव्हा हॉल ऑफ फेमचे दार बंदच होते, आणि या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत. 2022 साली तो गेला. सन्मान त्याला आठच वर्षे भोगता आला. मिळाला ना शेवटी, असे कोणी म्हटले, तर मी अजूनही भांडेन.