पाण्याखालचा कळस

मे महिन्यात कोयनेचं पाणी उतरलं की आजीचा हट्ट ठरलेला. "मला येकडाव बामणोलीला न्हे." यंदा नेलं. काठावर बसली, काठीनं पाण्याकडं दाखवत म्हणाली, "त्यो तितं आमचा आंबा." तिथं वासोट्याला निघालेली लाँच होती.

धरण झालं तेव्हा ती पंधरा-सोळाची. माहेरचं गाव शिवसागरात गेलं, भावकी कुणी सोलापूरकडं, कुणी रायगडात.

रात्री तिला मी डर्वेंटची गोष्ट सांगितली. इंग्लंडात डर्बीशायरमधलं डोंगरातलं लहानसं गाव. एक चर्च, एक वाडा, नदीवर अरुंद दगडी पूल, ओझ्याच्या घोड्यांपुरता. शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर या शहरांना पाणी हवं म्हणून लेडीबॉवर धरण बांधलं आणि शेजारच्या अ‍ॅशॉप्टनसकट हे गाव बुडालं. चर्चमधली शेवटची प्रार्थना मार्च 1943 ची. 1945 ला राजा येऊन उद्घाटन करून गेला.

बुडवण्याआधी त्यांनी दफनभूमीतली प्रेतं उकरून जवळच्या बॅमफर्डला नेऊन पुन्हा पुरली. पुलाचा दगड न् दगड सोडवून ठेवला आणि पुढं नदीच्या वरच्या अंगाला तोच पूल परत उभा केला.

"मढी न्हेली?" आजी उठूनच बसली. "आन जित्यांचं काय?"

धरणाच्या खालच्या बाजूला, यॉर्कशायर ब्रिजला, घरं बांधून दिली म्हटलं. हाकेच्या अंतरावर. त्यावर ती काहीच बोलली नाही. आमच्या मामाआजोबांनी जमिनीच्या कागदासाठी किती खेटे घातले, ते तिला पाठ आहे. (कोयनेचे धरणग्रस्त अजून आंदोलनाला बसतात, हे मी तिला मुद्दाम सांगत नाही. तिला माहीत असतंच.)

चर्चचा कळस मात्र आठवण म्हणून ठेवला होता. पाण्यातून नुसतं ते टोक वर. पण लोक पोहत तिथवर जायला लागले, जिवाला धोका, म्हणून डिसेंबर 1947 ला सुरुंग लावून तोही पाडला. पाणी फार आटलं की वाड्याचे, चर्चचे दगड वर येतात आणि बघायला गर्दी लोटते.

"आन घंटा?"

घंटा डर्बीजवळच्या एका चर्चला दिली. वाजते म्हणे.

आजीनं पदर सारखा केला. "आमच्या द्येवाची ट्रकात चढवली हुती. घाटात कुटंतरी पडली. मागं कोन बगतंय."