बोर्डामागचा जंपर

मी लातुरात घरगुती मशिनी बसवायचं काम करतो. वॉशिंग मशीन, गिझर, एसी, आणि आता खेड्यांतूनही बोलावणी येतात ती मायक्रोवेव्हची. लोकांना वाटतं, त्यात बसवायचं काय? खोक्यातून काढायचा, काचेची थाळी ठेवायची, पिन लावायची. खरं काम त्या पिनेच्या पलीकडे, भिंतीच्या आत असतं, आणि ते न बघता मी एकही मशीन चालू करून देत नाही. औसा तालुक्यातल्या एका घरी या सवयीने काय टळलं ते सांगतो.

गाव पुनर्वसित. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर वसवलेलं. अशा गावांत रस्ते रुंद, अंगणं मोठी, आणि मिळालेल्या मूळ घराला लोकांनी ऐपतीप्रमाणे खोल्या जोडत नेलेल्या. मूळ वायरिंग एकाची, वाढवलेल्या खोलीची दुसऱ्याची, स्वयंपाकघराची तिसऱ्याची. कोणती वायर कुठून कुठे गेली हे घरधन्यालाही सांगता येत नाही.

मे महिन्यातली दुपार होती. घरात मामा, मामी, आज्जी आणि सूनबाई. मुलगा पुण्याला कामाला. मायक्रोवेव्ह सूनबाईचा, २८ लिटरचा, कन्व्हेक्शनवाला, म्हणजे गरम हवेने भाजणाराही. बचत गटातून पैसे उचलून घेतलेला. त्या ताई आतापर्यंत कुकरच्या तळाला मीठ टाकून, शिट्टी काढून केक करायच्या आणि गावातल्या वाढदिवसांना द्यायच्या. दुसऱ्याच दिवशी एकाची ऑर्डर होती. त्यामुळे मी खोकं उघडत असताना त्या साहित्य मांडूनच बसल्या होत्या.

जागा त्यांनी फ्रिजवर ठरवली होती. ते मी आधी बदलायला लावलं. मायक्रोवेव्हला मागून, बाजूने, वरून हवा लागते. वर साधारण २० ते ३० सेंटिमीटर मोकळं ठेवायचं आणि मागून भिंतीला चिकटवायचं नाही. फ्रिजवर ठेवला की ओढताना पडायची भीती, आणि उकळतं भांडं डोक्याच्या उंचीवरून खाली काढायचं. ओट्याच्या शेजारी, गॅस आणि सिंकपासून लांब, कडप्प्याचं एक पक्कं टेबल होतं. ते ठरलं. टेबलाच्या मागे १६ अँपियरचा पॉवर पॉइंटही होता, म्हणून मामा खूश झाले. "बघा, आधीच सोय करून ठेवलीय," म्हणाले.

मी टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी लावलेला तपासणीचा दिवा, काढला. सॉकेटच्या उजव्या भोकात फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, डाव्यात न्यूट्रल, म्हणजे तो परत नेणारी, वरचं मोठं भोक अर्थिंगचं, म्हणजे मशीनच्या बॉडीवर आलेला करंट जमिनीत सोडणाऱ्या वायरीचं. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा पूर्ण उजेडाने लागला. फेज आणि अर्थिंगमध्येही तसाच लखलखीत लागला. बहुतेक वायरमन इथे थांबतात आणि अर्थिंग चांगली आहे म्हणून सांगतात. मला मात्र तो उजेड खटकला. मे महिन्यात, काळ्या रानातल्या गावात, जुन्या खड्ड्याच्या अर्थिंगवर दिवा इतका पेटत नाही. थोडा तरी मंद होतो.

मेन स्विच बंद केला. त्याने फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. आता न्यूट्रल आणि अर्थिंगच्या भोकांत मल्टीमीटर लावला तर काहीच वाजायला नको, कारण दोन वायरी आतून जोडलेल्या असल्या तरच तो वाजतो. तो बीप वाजवू लागला. प्लेटचे स्क्रू काढले. मागे हिरवी वायर नव्हतीच. न्यूट्रलच्या टर्मिनलवरून लाल वायरचा बोटभर तुकडा उचलून अर्थिंगच्या टर्मिनलला पिळला होता. हाच जंपर. फ्रिजचा बोर्ड उघडला, तिथेही तोच. वॉशिंग मशीनच्या बोर्डातही तोच.

मामांना विचारलं, पूर्वी कधी फ्रिजला हात लावल्यावर मुंग्या यायच्या का? मामीच बोलल्या, "यायच्या की. लई यायच्या. मी तर पाटावर उभी राहून दार उघडायची. मग वायरमन आला, त्यानं काहीतरी केलं आन् बंद झालं."

झालं होतं असं. मूळ घराची अर्थिंग अंगणात होती. अंगणात फरशी बसवताना खड्डा त्याखाली गेला आणि मीटरजवळची अर्थिंगची पट्टी कुणीतरी कापून टाकली. अर्थिंग गेली तसा फ्रिज मुंग्या देऊ लागला. मुंग्या येणं म्हणजे घराने घातलेली हाक होती. वायरमनने जंपर टाकला, बॉडी न्यूट्रलला बांधली गेली, मुंग्या थांबल्या, आणि सगळ्यांना वाटलं दुरुस्त झालं.

न्यूट्रल डीपीपर्यंत, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, नीट जोडलेला असेल तोवर जंपर गप्प बसतो. पण न्यूट्रल खांबावर सुटला, सर्व्हिस वायरमध्ये तुटला किंवा कुणी मीटरपाशी फेज-न्यूट्रल उलटे केले, तर त्याच तुकड्यातून मशीनच्या अख्ख्या बॉडीवर २३० व्होल्ट येतात. तेही मशीन पूर्ण चांगली असताना. बटण बंद असलं तरी फरक पडत नाही, कारण बटण फेजवर असतं आणि हा करंट न्यूट्रलच्या वाटेने येतो.

मामांना मी हे सांगितलं आणि आज मशीन चालू होणार नाही असंही सांगितलं. ते नाराज झाले. त्यांचं म्हणणं चुकीचं वाटावं असं नव्हतं: "इतकी वर्षं फ्रिज चाललाय भाऊ, कुणाला काय झालं नाही. लेकराची उद्याची ऑर्डर हाय. एवढं चालू करून द्या, अर्थिंगचं बघू नंतर." ताई काही बोलल्या नाहीत, नुसत्या मांडलेल्या साहित्याकडे बघत राहिल्या. मलाही वाईट वाटलं. पण मायक्रोवेव्ह ही अर्थिंगवाचून चालवायची मशीनच नाही. आत एक मोठा ट्रान्सफॉर्मर असतो, कपॅसिटर आणि डायोडच्या जोडीने तो मॅग्नेट्रॉनला, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या भागाला, सुमारे ४००० व्होल्टपर्यंतचा दाब पुरवतो, आणि त्याच्या वाइंडिंगचं एक टोक थेट पत्र्याच्या बॉडीला बांधलेलं असतं. शिवाय पिनेच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यातले दोन कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर नव्या कोऱ्या मशीनच्या बॉडीवरही साधारण ११५ व्होल्ट दिसतात. करंट अगदी कमी असतो, पण हाताला मुंग्या येतात, आणि लोक मशीन खराब म्हणून परत करतात.

आज्जींना उकाडा सहन होईना, म्हणून कूलरसाठी मी मेन पुन्हा चालू केला. तिन्ही बोर्डांतले जंपर काढायला परत मेन बंद करावा लागणार होता. त्याआधी खड्डा कुठे घेता येईल ते अंगणात बघत होतो. तेवढ्यात वळवाचं वारं सुटलं. धूळ, कडब्याच्या पेंढ्या, पत्र्यांचा आवाज. कूलर घरघरत थांबला.

"लाईट गेली," मामी म्हणाल्या. पण शेजारच्या घरातला टीव्ही चालूच होता. मी आत धावलो आणि उघड्या सॉकेटच्या डाव्या भोकात टेस्टर घातला. लागला. न्यूट्रलला टेस्टर लागतो याचा अर्थ एकच, मागे न्यूट्रल तुटलाय, आणि कूलरमधून, फ्रिजमधून फिरून फेज आता न्यूट्रलच्या वायरवर आणि जंपरमधून प्रत्येक बॉडीवर बसलाय.

आज्जी तांब्या घेऊन फ्रिजकडे निघाल्या होत्या. अनवाणी. ओट्याखालच्या शहाबादी फरशीवर पाणी सांडलेलं.

मी ओरडलो, "आज्जी, हात लावू नका!" त्यांना ऐकू कमी येतं. ताईंनी मागून दंड धरून त्यांना ओढलं आणि मी मेन खाली पाडला. तांब्या फरशीवर घरंगळला. आज्जी चिडल्या, "काय झालं गं, कामून ओढलीस मला?" त्यांना काही सांगावं इतकं भान आम्हा कुणालाच नव्हतं.

मामांचा अजून विश्वास बसत नव्हता. सगळ्यांना अंगणात उभं केलं. मल्टीमीटरचं एक टोक लांब वायरीने अंगणातल्या बोअरच्या लोखंडी केसिंगला जोडलं, दुसरं फ्रिजच्या बिजागरीला चिमट्याने लावलं, रबरी बूट घालून मेन क्षणभर वर केला. आकडा २०० च्या वर. मेन खाली. मामा तो आकडा बघून ओसरीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "माय गेली असती माझी."

त्या संध्याकाळी लाइनमन आला. वाऱ्याने खांबावरचा न्यूट्रलचा जोड सुटला होता, तो त्याने घट्ट केला. त्याआधीच मी मेन बंद असताना तिन्ही जंपर काढले होते, आणि अर्थिंग होईपर्यंत फ्रिज, वॉशिंग मशीन बंद ठेवायला सांगितलं होतं. ताईंनी ऑर्डरचा केक कुकरमध्येच केला.

अर्थिंगला मी सामान घेऊन परत गेलो. आपल्याकडच्या काळ्या मातीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुस्तकातली अर्थिंग इथे तशीच्या तशी चालत नाही. ही माती पावसात फुगते, ओल धरते, तेव्हा अर्थिंग उत्तम. उन्हाळ्यात ती आक्रसते, हातभर खोल भेगा पडतात, आणि माती रॉडपासून सुटते. रॉड जमिनीत असतो पण जमिनीला टेकत नाही. थोडं खाली गेलं की मुरूम आणि काळा पाषाण, म्हणजे खोल जाणंही अवघड. म्हणून भिंतीपासून दीड मीटरपेक्षा लांब दोन खड्डे घेतले, एकमेकांपासून अंतर ठेवून, तांब्याचा मुलामा असलेले रॉड, भोवती बेंटोनाइट, म्हणजे एक प्रकारची चिकणमाती. ते ओल धरून ठेवतं आणि रॉडला चिकटून राहतं. मीठ-कोळशाचा जुना खड्डाही चालतो, पण मीठ पाण्याबरोबर झिरपून जातं आणि पाइपही खातं. दोन्ही रॉड जोडून अर्थ टेस्टरने मोजलं तर आकडा ५ ओहमच्या आत आला. तोंडावर झाकण ठेवलं, म्हणजे पुन्हा कुणी फरशीखाली गाडणार नाही आणि उन्हाळ्यात बादलीभर पाणी घालता येईल.

पण पाणी घाला म्हणणं सोपं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी आणावं लागलं. तसल्या वर्षी खड्ड्यात बादली कोण ओतणार? म्हणून मी इथल्या घरांत नुसत्या अर्थिंगवर आणि एमसीबीवर, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर, विसंबत नाही. उन्हाळ्यात खड्ड्याचा रोध २० ओहम झाला असं धरा. फेज बॉडीला टेकला तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपियर वाहतील. १६ अँपियरचा एमसीबी एवढ्याला पडतच नाही, आणि बॉडी तशीच जिवंत राहते. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे थोडासा करंट जमिनीकडे गळला तरी वीज तोडणारा स्विच, मात्र निमिषात पडतो. मामांनी तो किंमत न विचारता बसवून घेतला. ज्या घरात अर्थिंग आहे आणि वर कुणी जंपरही टाकलाय, तिथे आरसीसीबी टिकत नाही, लोड लावला की पडतो. लोक मग तो खराब म्हणून काढून टाकतात. खरं तर तो जंपर दाखवत असतो.

मायक्रोवेव्हसाठी बोर्डापासून अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वेगळी वायर ओढली, हिरव्या अर्थ वायरीसकट. नुसतं गरम करताना ही मशीन १३००-१४०० वॉट घेते, कन्व्हेक्शनवर २००० च्या वर, म्हणजे ९-१० अँपियर. ६ अँपियरचं सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड, मोठी पिन छोटी करणारी कन्व्हर्टर पिन, यांतलं काहीही चालत नाही. सॉकेट आतून वितळलेली मी पुष्कळ पाहिलीत.

मग मशीन लावली. आतल्या बाजूचा अभ्रकाचा करडा पत्रा लोक पॅकिंग समजून उपटतात, तो दाखवून ठेवला. कपभर पाणी ठेवून मिनिटभर चालवली, पाणी चांगलं तापलं. मशीन रिकामी चालवायची नाही. मायक्रोवेव्हवर स्टीलची वाटी, सोनेरी काठाची बशी नाही. केकचा धातूचा डबा फक्त कन्व्हेक्शनवर. बिघडली तर झाकण कुणालाही उघडू द्यायचं नाही, पिन काढली तरी आतला कपॅसिटर जीव घेण्याइतका भरलेला राहू शकतो. ताईंनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. त्यांच्या पहिल्या केकचा अर्धा भाग मला बांधून दिला.

जंपर टाकणारा वायरमन गावातलाच. मामा त्याच्यावर खवळले होते, पण मी त्याला बोलावून घ्यायला सांगितलं. वयस्कर माणूस, हाताला चांगला, बोलायला सरळ. तो म्हणाला, "दिवा लागत होता की भैया, मग अर्थिंग बरोबरच ना?" त्याला मी मेन बंद करून मल्टीमीटरने तपासायची पद्धत दाखवली, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून दाखवलं, आणि न्यूट्रल तुटल्यावर काय झालं ते आज्जींच्या देखत सांगितलं. त्याने तिथेच बोटांवर आठवून आठवून घरं मोजली, जिथे जिथे त्याने असं केलं होतं ती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिळून त्या गल्लीपासून सुरुवात केली. जंपर काढायचा, अर्थिंग होईपर्यंत त्या बोर्डावर पत्र्याची मशीन लावू द्यायची नाही. रॉड आणि बेंटोनाइट मी लातूरहून एसटीने पाठवतो, खड्डे तो घेतो.