पिंप इथं कुणी ठेवलं?

'डूम' या राक्षस मारायच्या कॉम्प्युटर गेमची पहिली लेव्हल मी झोपेतसुद्धा खेळेन. सुरुवातीच्या खोलीत डावीकडं जिना, जिन्यावर हिरवं चिलखत. दारापलीकडं विषारी हिरव्या तळ्यावरून गेलेली नागमोडी वाट, समोर उंचावरून आगीचे गोळे टाकणारा इम्प नावाचा राक्षस, मग एक अंधारी खोली, एक दार, एक खटका, की खेळ खल्लास. 'डूम'च्या कर्त्यांपैकी एक असलेल्या जॉन रोमेरोनं ही लेव्हल बांधली आणि ती पार करायला 30 सेकंद पुरेत असंही ठरवून टाकलं. मला कायम जास्त वेळ लागायचा, कारण मी भिंती चाचपत बसायचो.

भिंती चाचपणं हा त्या खेळातला माझ्या लेखी खरा उद्योग. भिंतीला नाक लावून उभं राहायचं आणि स्पेसबार दाबायचा. भिंत नुसतीच भिंत असली तर आपला गडी 'हंफ्' करून कण्हतो. पण एखाद्या भिंतीची नक्षी शेजारणीशी जुळत नाही, रंग जरा उतरलेला वाटतो, आणि तिथं दाबलं की ती सरसरत वर जाते. पहिल्याच खोलीच्या खिडकीतून बाहेरचं अंगण दिसतं, अंगणात निळं चिलखत दिसतं, आणि तिकडं जायला दार म्हणून नाही. खिडकीजवळ उभा राहून मी कितीदा चडफडलो असेन. पुढं एका भिंतीआड त्या अंगणाची वाट सापडली तेव्हा चिलखतापेक्षा आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा: कुणीतरी आपल्याला मुद्दाम खिडकीत उभं करून चिडवलं होतं, आणि आपण ते ओळखलं होतं.

हा खेळ 10 डिसेंबर 1993 रोजी अमेरिकेत आला. आमच्या गावात पोचायला त्याला काही वर्षं लागली, तोही दोन फ्लॉप्यांवरून. पहिल्या नऊ लेव्हली कुणीही कुणालाही फुकट वाटाव्यात अशी तो खेळ बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअर कंपनीचीच योजना होती, त्यामुळे आमच्या कॉम्प्युटर क्लासमधली ती प्रत चक्क कायदेशीर होती. त्या खोलीतली बहुधा तेवढीच.

आता अडचण अशी आहे की तीस वर्षांनंतर मी 'डूम' खेळत नाही, उजळणी करतो. कुठल्या दारामागं कोण दबा धरून बसलंय हे मला त्या राक्षसापेक्षा आधी माहीत असतं. म्हणून मग मी दुसऱ्या पंथाला लागलो: दिसायला जुनेच, पण दर वेळी नवा चक्रव्यूह रचणारे खेळ. चौकोनी चौकोनी ठिपक्यांचे राक्षस, बंदूक स्क्रीनच्या खाली बरोब्बर मधोमध, धावण्याचा वेग माणसाला न शोभणारा, दम लागणं नाही, आडोशाला टेकून बसणं नाही. सगळं 1993 सारखं. फक्त नकाशा कुणाला पाठ नाही.

याची सोय 'डूम'च्या भक्तांनीच करून ठेवली आहे. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीला डेव्हिड चेस यांनी 'स्लाइज' नावाचा प्रोग्रॅम लिहिला, जो 'डूम'च्या लेव्हली आपल्या आपण तयार करायचा. पुढं अँड्र्यू ॲप्टेड यांचा 'ओब्लिज' आला, आणि आता त्याचाच वंश 'ऑब्सिडियन' चालवतो. बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा होईपर्यंत 'डूम टू'च्या, म्हणजे खेळाच्या दुसऱ्या भागाच्या, मापाच्या 32 लेव्हली तयार. भिंती, दिवे, किल्ल्या, राक्षस, सगळं जिथल्या तिथं.

जिथल्या तिथं म्हणजे काय, हे मात्र खेळल्यावर कळतं. परवाचीच एक लेव्हल सांगतो. दार उघडलं तर समोर राजवाड्याला शोभेल असा रुंद जिना, दोन्ही बाजूंना मशाली. मी श्वास रोखून, शॉटगन सज्ज ठेवून एकेक पायरी चढलो. वर सिंहासन असेल, निदान एखादा बॅरन, म्हणजे बलदंड राक्षस तरी. वर होती गोळ्यांची एक डबी. बास. मागं वळून बघितलं, आता तरी सापळा लागेल म्हणून थांबलो. काहीही झालं नाही. मशाली जळत होत्या.

खाली उतरलो तर एका रिकाम्या खोलीच्या कोपऱ्यात पिंप. 'डूम'मधलं पिंप म्हणजे करड्या रंगाचं, हिरव्या रसायनानं भरलेलं, गोळी लागली की फुटणारं आणि आसपासच्या सगळ्यांना घेऊन जाणारं. हातानं बांधलेल्या लेव्हलमध्ये पिंप हा निरोप असतो. चार शिपाई पिंपाभोवती उभे असतील तर निरोप आहे, 'मार की, बघतोस काय'. पिंप तुमच्याच पाठीशी असेल आणि समोरून गोळ्या येत असतील तर निरोप आहे, 'पळ'. या कोपऱ्यातल्या पिंपाशेजारी कुणीच नव्हतं. मी तरी ते फोडलं. सवय.

पण या प्रोग्रॅमची एक गोष्ट मला मनापासून मानावी लागते. निळ्या दाराची निळी किल्ली निळ्या दाराच्या आत कधी पडत नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण नुसते फासे टाकले असते तर दहातले कितीतरी चक्रव्यूह सुटलेच नसते. म्हणून यंत्र आधी सुरुवातीपासून शेवटापर्यंतची वाट पक्की करतं, मग त्या वाटेवर कुलूप घालतं, आणि किल्ली कुलपाच्या अलीकडच्या भागातच कुठंतरी आडवळणाला टाकतं. डेरेक यूच्या 'स्पेलंकी'त, म्हणजे 2008 च्या त्या गुहेच्या खेळात, हेच तत्त्व फार सुबक दिसतं. प्रत्येक मजला चार गुणिले चार, म्हणजे सोळा खोल्यांचा. वरच्या रांगेतून खालच्या रांगेपर्यंत एक वाट हमखास खुली ठेवायची, बाकीच्या खोल्यांत काय हवा तो धुमाकूळ. तो खेळ बंदुकीच्या नळीआडून बघायचा नव्हे, बाजूनं बघायचा, पण युक्ती सगळ्यांनी तीच उचलली.

आणि हा रँडमपणा 'डूम'च्याच घराण्यात का रुजला, याचं एक कारण मला 1993 सालातल्या एका भांडणात सापडतं. 'डूम' तयार होत असताना रोमेरोचे कंपनीतले सहकारी टॉम हॉल यांना खराखुरा वाटेल असा लष्करी तळ हवा होता, ज्याच्या खोल्यांना काहीतरी कामधंदा आहे. रोमेरोला तसल्या खोल्या कंटाळवाण्या वाटल्या. त्याला हवे होते उंच-सखल, अंधारे-उजेडाचे, विचित्र आकाराचे चौक, मग ती इमारत कशासाठी आहे हे कुणाला कळो न कळो. खेळ बाजारात यायच्या आधीच, ऑगस्ट 1993 मध्ये, हॉल कंपनीतून बाहेर पडले. माणूस चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, पण 'डूम'च्या बाबतीत रोमेरो बरोबर ठरला. 'डूम'च्या इमारतीत स्वयंपाकघर कुठं, संडास कुठं, हा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही. आणि ज्या इमारतीला हा प्रश्न विचारायचा नसतो, ती यंत्रानं बांधली तरी चालते. आजच्या एखाद्या हुबेहूब दिसणाऱ्या खेळात यंत्रानं दोन बेडरूमच्या मधे बोगदा काढला तर आपण हसू. नरकातल्या कारखान्यात सगळं खपतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत या जातीचे बरेच खेळ आले. 2014 मध्ये जो मिराबेलोनं जवळजवळ एकट्यानं केलेला 'टॉवर ऑफ गन्स', त्याच वर्षीचा जादूच्या कांड्यांचा 'झिगुराट'. एकट्यादुकट्या माणसाला शंभर लेव्हली हातानं बांधणं कुठं परवडणार? रँडमच्या प्रेमामागं पोटापाण्याचंही गणित असतं. टेरी वेलमनच्या 'हेवी बुलेट्स'वर माझा विशेष जीव. त्यात तुमच्याकडं सहा गोळ्या. झाडलेली गोळी जमिनीवर पडून राहते आणि ती उचलून आणावी लागते. म्हणजे भडक गुलाबी-निळ्या अंधारात, समोर काय आहे ठाऊक नसताना, आपण आपलं सांडलेलं वेचत फिरतो. इतका कंजूष शूटर मी दुसरा बघितला नाही, आणि इतका सभ्यही.

'स्ट्रेफ'बद्दल माझं मत थोडं तिरपं आहे. 2017 चा हा खेळ. त्याची जाहिरात अशी की जणू आपण 1996 सालात आहोत आणि याहून भारी ग्राफिक्स जगात नाहीत. जाहिरात खेळाहून सरस होती, हे मी आजही म्हणेन. त्यातल्या खोल्या माणसांनी बांधलेल्या, त्यांची जोडणी तेवढी यंत्राची. पत्ते तेच, पिसून वाटलेले. पहिले काही दिवस धमाल येते, मग एखाद्या दारातून आत शिरताना वाटतं, अरे, ही खोली ओळखीची आहे. डाव्या हाताला खांब असणार. असतो. त्या क्षणी चक्रव्यूहाची निम्मी हवा जाते. तुकडे पाठ झाले की नुसता क्रम बदलून भागत नाही. तरीही त्यात सांडलेलं रक्त भिंतीवर तसंच राहतं, हे मला फार उपयोगी पडलं. चुकत माकत फिरताना लाल भिंत दिसली की समजायचं, इथून आपण मघाशीच गेलो.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. बारावीतला. मी त्याला मोठ्या हौसेनं एक लेव्हल तयार करून दाखवली आणि म्हटलं, "बघ, ही कुणी बांधलीच नाहीये."

"मग?" तो म्हणाला.

"अरे, म्हणजे जगात आत्ता पहिल्यांदा तू या खोलीत पाऊल टाकतोयस."

"मामा, माइनक्राफ्टमध्ये अख्खं जग तसंच असतं." मग थोड्या वेळानं, शॉटगन चालवत चालवत, "पण हे पिंप इथं कशाला ठेवलंय?"

म्हणजे प्रश्न त्यालाही पडलाच. कुणी ठेवलेलं नाही हे आत्ता ऐकूनसुद्धा, पिंप दिसलं की माणूस ठेवणाऱ्याला शोधतो. मीही त्या मशालीच्या जिन्यावर तेच करत होतो. एकदा तर अशाच यंत्राच्या लेव्हलमध्ये खिडकीबाहेर चिलखत दिसलं आणि मी अर्धा तास भिंतींना नाक लावत फिरलो. 'हंफ्, हंफ्, हंफ्.' शेवटी वळणावर एक साधं, उघडं दार निघालं, थेट अंगणात जाणारं. चिडवायला कुणी नव्हतंच. राग आला, पण कुणावर काढणार?

या दर वेळी नव्या चक्रव्यूहाचा उगम जिथं आहे तिथं मात्र ठेवणाऱ्याचीच हौस होती, असं वाचलं की गंमत वाटते. 1980 च्या सुमाराला कॅलिफोर्नियात मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी 'रोग' लिहिला. पडद्यावर चित्र नाही, नुसती अक्षरं. इंग्रजी कॅपिटल अक्षर म्हणजे राक्षस, आणि आपण म्हणजे @ हे चिन्ह. त्यांची तक्रार अशी होती की साहसाचा खेळ आपणच लिहिला तर आपल्याला त्यात काय मजा? सगळी कोडी आधीच ठाऊक. म्हणून तळघर दर वेळी नव्यानं रचलं जाईल अशी सोय त्यांनी केली. नऊ घरांची चौकट, घरात खोली, खोल्यांना जोडणारे बोळ. लिहिणाऱ्यालाही आत शिरताना धाकधूक वाटावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. रोमेरोला आपल्याला खिडकीत उभं करून चिडवायचं होतं, यांना स्वतःलाच चिडवून घ्यायचं होतं. मला दोघंही पटतात. कामाच्या दिवशी रात्री यंत्राचा चक्रव्यूह बरा, रविवारी रोमेरो.

आणि खरं पाहिलं तर यंत्राचा रँडमपणाही ठरलेलाच. मूळ 'डूम'च्या आत 256 आकड्यांचा एक तक्ता आहे, कायमचा लिहून ठेवलेला. गोळी किती लागली, राक्षस कुठं वळला, हे ठरवायला खेळ त्या तक्त्यातला पुढचा आकडा उचलतो आणि शेवटाला पोचला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच 'डूम'मधल्या खेळाची नोंद ठेवताना नुसती दाबलेली बटणं साठवली तरी पुरतं. तीच बटणं त्याच क्रमानं दाबली की तेच राक्षस तसेच मरतात. आजच्या खेळांत तक्त्याच्या जागी 'सीड' असतो, एक आकडा. तो आकडा तोच दिला की चक्रव्यूह तोच उगवतो.

यामुळे एक नवी चैन झाली आहे. शाळेतला मित्र न्यू जर्सीला असतो. तो त्याच्या रात्री, म्हणजे माझ्या सकाळी, व्हॉट्सॲपवर एक लांबलचक आकडा पाठवतो. बाकी मजकूर नाही. तो आकडा टाकला की आम्ही दोघं एकाच चक्रव्यूहात, दहा तासांच्या अंतरानं. मग फोनवर ऐकीव ज्ञान सुरू होतं: दुसऱ्या चौकात डावीकडं जाऊ नकोस, लाल किल्लीच्या मागं दोघं बसलेत. कुणीच न बांधलेल्या इमारतीचा असा पत्ता सांगणारा माणूस मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

गेल्या आठवड्यात तो म्हणाला, सुरुवातीलाच मोठं अंगण लागतं, तिथं रॉकेट लाँचर पडलेला आहे. मी म्हटलं, अंगण कुठलं, बोळ आहे. तो म्हणाला, अरे बोळ काय, आकाश दिसतंय. मी म्हटलं, मला छत दिसतंय. त्याला वाटलं मी झोपेत आहे, मला वाटलं तो पिऊन आहे. आकडा दोनदा वाचून दाखवला, जुळला. राक्षस किती, अंधार किती, सगळ्या सेटिंग जुळल्या. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "तुझं व्हर्जन कुठलं?"

माझं जुनं होतं. अपडेट करायला सांगून त्यानं फोन ठेवला. मी केलं नाही, कारण त्या बोळाच्या टोकाला एक दार होतं आणि त्याचा पत्ता आता आम्हा दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हता.