सभासद पुस्तक नेत नाही, प्रत नेतो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पायथन शिकायला येणाऱ्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतो: "मॅडम, जँगोचं ओआरएम असताना एसक्यूएल कशाला शिकायचं?" (जँगो म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट, एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, आणि ओआरएम म्हणजे पायथनच्या ओळींचं एसक्यूएल करून देणारा जँगोचा भाग.) माझं उत्तर ठरलेलं आहे. एसक्यूएल रोज लिहावं लागणार नाही, पण वाचता आलंच पाहिजे. का, ते मला एका वाचनालयाने शिकवलं.

तालुक्याच्या गावातलं वाचनालय. तिथली देवघेव संगणकावर आणायची होती. मी पुस्तक आणि सभासद अशी दोन मॉडेल्स, म्हणजे डेटाबेसमधली दोन टेबलं, केली आणि मध्ये मेनी टू मेनी, म्हणजे अनेकांचं अनेकांशी नातं, टाकलं. ग्रंथपाल बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, सभासद पुस्तक नेत नाही, प्रत नेतो." मग दाखल नोंदवही माझ्यापुढे सरकवली. एकाच कादंबरीच्या चार प्रती, चार वेगळे दाखल क्रमांक, त्यातली एक बाइंडिंगला गेलेली. आणि नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख? ती प्रतीचीही नाही, सभासदाचीही नाही, त्या एका देवघेवीची आहे. म्हणून मॉडेल्स चार झाली: पुस्तक, प्रत, सभासद, देवघेव. देवघेवीत दोन फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारे रकाने: एक प्रतीकडे, एक सभासदाकडे. देवघेव या नात्याला आपल्या बोलण्यात आधीच नाव आहे. असं नाव असलेल्या नात्याला बहुतेक वेळा स्वतःचं टेबल लागतं, हे मी तेव्हापासून मानते.

(सभासदाची नोंद पुसली तर त्याच्या देवघेवींचं काय करायचं, हे जँगो 2.0 पासून फॉरेन कीमध्ये सांगावंच लागतं. त्याआधी न सांगता कॅस्केड व्हायचं, म्हणजे नोंदीबरोबर सगळा इतिहास जायचा. मी तिथे प्रोटेक्ट ठेवलं, म्हणजे देवघेवी असतील तर सभासद पुसताच येत नाही.)

आता मुख्य गोष्ट. एका सभासदाकडे अजून असलेल्या प्रती शोधून त्याला आठवणीचा मेसेज पाठवायचा होता. मी प्रतींवर एक फिल्टर लावला: देवघेवीतला सभासद हा. त्याला जोडून दुसरा फिल्टर: देवघेवीतली परत तारीख रिकामी. वाचायला अगदी सरळ. दुसऱ्या दिवशी एक आजोबा सभासद कार्ड घेऊन आले. कादंबरी त्यांनी महिन्यापूर्वी परत केली होती, कार्डावर शिक्का होता, आणि मेसेज मात्र त्यांना गेला होता. ते चिडले नाहीत, पण त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. चाळीस वर्षांत त्यांनी एकही पुस्तक बुडवलं नव्हतं.

त्या रात्री क्वेरीसेटमागचं, म्हणजे त्या दोन फिल्टरांच्या ओळीमागचं, एसक्यूएल छापून पाहिलं. देवघेवीचं टेबल दोनदा जोडलेलं होतं. अशा एकाला अनेक नात्यावर वेगवेगळे फिल्टर लावले की जँगो प्रत्येकासाठी नवा जॉइन, म्हणजे टेबलाची नवी जोडणी, करतं. म्हणजे माझ्या ओळीचा अर्थ होता: ही प्रत या सभासदाने कधीतरी नेली आहे, आणि ती सध्या कुणाकडे तरी बाहेर आहे. ती होतीच बाहेर, शेजारच्या गल्लीतल्या बाईंकडे. दोन्ही अटी एकाच फिल्टरच्या कंसात घातल्या की जॉइन एकच होतो, आणि दोन्ही अटी एकाच देवघेवीला लागतात. पायथनमध्ये फरक एका कंसाचा. एसक्यूएलमध्ये तो धडधडीत दिसतो.

संथ चालणाऱ्या पानांचंही तेच. 500 देवघेवींची यादी दाखवताना प्रत्येक ओळीत सभासदाचं नाव छापलं तर यादीची एक आणि नावांच्या 500, अशा 501 क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, जातात. एका फेरीला तीन मिलिसेकंद धरले तरी दीड सेकंद नुसता जाण्यायेण्यात. सिलेक्ट रिलेटेड (संबंधित नोंदीही सोबतच आणायची सूचना) लावलं की जॉइनसकट एकच क्वेरी. उलट्या बाजूने, प्रतीवरून तिच्या सगळ्या देवघेवी हव्या असतील तर प्रीफेच रिलेटेड: दोन क्वेरी, आणि जुळवाजुळव पायथनमध्ये. पण आणलेल्या त्या संचावर पुन्हा फिल्टर लावलात तर नवी क्वेरी जाते, हे लक्षात ठेवा.

हल्ली पहिल्याच तासाला फिल्टरचे ते दोन्ही प्रकार, एकापुढे एक जोडलेला आणि एकाच कंसातला, फळ्यावर शेजारीशेजारी लिहिते. खाली पाच देवघेवींचं छोटं टेबल काढते आणि विचारते, त्यातल्या कुठल्या प्रकाराने आजोबांना मेसेज जाईल? उत्तर आल्याशिवाय कुणालाही लॅपटॉप उघडू देत नाही.