धानाची बांधी आणि छिद्रांचा पाइप

आज नागपुरात विद्यापीठाच्या शाश्वत अन्न व जल संशोधन केंद्रातील प्रात्यक्षिके पाहिली. भरडधान्यांवरील सत्र उपयुक्त होते, पण मन रमले ते धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरात. तेथे छिद्रे पाडलेला पाइप जमिनीत उभा पुरला होता. त्यात डोकावले की मुळांजवळचे पाणी किती खोल गेले ते दिसते आणि ते पृष्ठभागापासून १५ सेंटीमीटर खाली उतरल्यावरच बांधीत पुन्हा पाणी सोडायचे. फुलोऱ्याच्या काळात मात्र उभे पाणी राखावेच लागते. या पद्धतीने ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचू शकते. शिवाय सतत बुडालेल्या चिखलात प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव जो मिथेन निर्माण करतात, तोही घटतो. भंडारा-गोंदियातील मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातील) तलावांवर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांसाठी ही बचत मला फार मोलाची वाटते, कारण गाळाने तलावाचा साठा घटला की शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोहोचतच नाही. ज्यांना पाणी पाळीनेच मिळते, त्यांना ते हवे तेव्हा कसे सोडता येईल, असे मी विचारले. त्यासाठी पाणी वापर संस्थांसोबत बसूनच पाळ्या ठरवाव्या लागतील, हे संशोधकांनी मोकळेपणाने मान्य केले. ती बैठक उन्हाळी धानाच्या रोवणीपूर्वी भंडाऱ्यातच घ्यावी, अशी विनंती मी केली आहे.