मामांचा डावा हात

आज मामांना घेऊन मूत्रपिंडतज्ज्ञांकडे गेलो होतो. मामांना मधुमेह होऊन 18 वर्षे झाली. साखर आम्ही नेमाने तपासत आलो. परंतु लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणीही दर वर्षी करायची असते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मूत्रपिंडे रक्तातून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, क्रिएटिनिन, वाढल्यावर ‘वयानुसार होते’ असे म्हणण्यात दोन वर्षे गेली आणि त्या काळात गुडघ्यांसाठी, मूत्रपिंडांना अपायकारक ठरू शकणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मात्र चालूच राहिल्या. आता ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या रक्त गाळण्याच्या क्षमतेचा आकडा, 17 वर घसरला आहे.

डॉक्टरांनी पाऊण तास शांतपणे समजावून सांगितले. ईजीएफआर 30 च्या खाली जाण्याआधीच रुग्ण तज्ज्ञांकडे पोहोचला, तर रक्तदाब व औषधे नीट बसवून डायलिसिस पुष्कळदा लांबवता येते. आणि ते अटळ असले, तरी हातातील धमनी व शीर जोडून फिस्तुला, म्हणजे डायलिसिससाठी रक्त घेण्याची वाट, आधीच करून ठेवता येतो, जो वापरण्याजोगा होण्यास अनेक आठवडे, कधी काही महिनेही लागतात. एवढी सवड न उरलेल्या रुग्णाच्या मानेत तातडीने कॅथेटर (नळी) घालावे लागते, त्यात जंतुसंसर्गाचा धोका बराच अधिक असतो. फिस्तुलासाठी राखायच्या मामांच्या डाव्या हातातून यापुढे रक्त काढायचे नाही, त्याला सलाईनही लावायचे नाही, असे त्यांनी बजावले. डायलिसिसच्या तयारीचा भाग म्हणून हिपॅटायटिस बीची लसही आजच सुरू झाली.

परतताना मामा तो हात मांडीवर जपून ठेवून बसले होते. धाकट्या मामांनाही मधुमेह आहे. उद्या सकाळी त्यांचा लघवीचा नमुना मी स्वतः प्रयोगशाळेत नेऊन देणार आहे.