काळी माती, मुरूम आणि समुद्रातल्या पवनचक्क्या

दिवाळीत गावी आलो (गाव दारव्ह्याकडे), आणि पहिल्याच दिवशी वेचणीहून येता येता बाबांनी विचारलं, "काहून रे, समुद्रात पंखे उभे करता म्हणते तुम्ही, तं पाया कशात घेता? खाली निरा गाळच असन ना." मी पाच वर्षांपासून हेच काम करतोय, समुद्रातल्या पवनचक्क्यांचे पाये, पण इतका नेमका प्रश्न ऑफिसबाहेर कोणीच विचारला नव्हता, लोक पात्यांची लांबी विचारतात.

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तिरपी भेग आहे, मी शाळेत होतो तेव्हापासूनची. पावसाळ्यात बुजते आणि उन्हाळ्यात बोट जाईल इतकी उघडते, कारण काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते, आणि मिस्त्रीनं पाया मुरमापर्यंत नेलाच नाही, काळीतच थांबवला. मला कामाला लागल्यावर खंबातच्या आखातातल्या मातीबद्दल वाचताना हीच भेग आठवली. तिथं समुद्राच्या तळाशी मऊ चिकणमातीचे थर आहेत, वरून भरती-ओहोटीचा जबर ओढा. तिथं पवनचक्की म्हणजे आठ-दहा मीटर व्यासाचा पोलादी पाइप हातोड्यानं तळात वीस-तीस मीटर किंवा त्याहून खोल ठोकायचा, आणि किती खोल ते बोअर घेऊन, मातीचे कोअर (नळीतून अखंड काढलेले लांब नमुने) वर काढून, एकेक थर दाबून पाहिल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. पाणी फार खोल असलं की पाइप परवडत नाही, मग जाळीदार सांगाडा, आणि साठ मीटरच्या पुढे बहुतेक तरंगतेच, साखळदंडानं बांधलेले.

बाबांना सगळ्यात जास्त पटलं ते खड्ड्याचं. आमच्या नाल्याच्या पुलाच्या पिल्लरभोवती पूर ओसरला की डोह पडलेला दिसतो ना, समुद्रात तेच होतं, पाइपाभोवती पाणी गरगरतं आणि माती उपसून नेतं, हिशेबात व्यासाच्या १.३ पट खोल खड्डा धरतात, म्हणजे आठ मीटरच्या पाइपाला दहा मीटर! म्हणून भोवती दगड टाकून ठेवतात.

वाऱ्याचं गणित वेगळं. ताकद वेगाच्या घनात वाढते, सेकंदाला ८ मीटरच्या जागी ९ मीटर वारा मिळाला तर त्यातली ताकद ४२ टक्क्यांनी जास्त, म्हणून निदान वर्षभर, पावसाळा धरून, मोजल्याशिवाय आराखडा काढणं म्हणजे अंदाजपंचे काम. गुजरातेत पिपावावजवळ समुद्रात २०१७ मध्ये लायडार बसवलं ते यासाठीच, लेझर वर सोडून वारा मोजतं ते. आणि पंखे जवळ लावले तर पुढचा मागच्याचा वारा खातो. हे मी पराटीवरून (म्हणजे कपाशीवरून) सांगितलं, दाट लावली की खालच्या फांद्यांना ऊन नाही, बोंड नाही. पाती फिरतात त्या वर्तुळाच्या व्यासाच्या सात-आठ पट अंतर ठेवतात, २२० मीटरचा व्यास असेल तर दीड किलोमीटरच्या वर. बाबा म्हणाले, "मंग वायर किती लागत असन!" अगदी तेच, अंतर वाढवलं की केबल वाढते, खर्च वाढतो, आणि आमचे आठवडेच्या आठवडे ह्याच ओढाताणीत जातात.

डेन्मार्कनं १९९१ मध्ये विंडेबीला ११ पंखे उभे केले, प्रत्येकी ४५० किलोवॅटचे, २०१७ मध्ये काढूनही टाकले. आपल्याकडे अजून समुद्रात एकही पवनचक्की प्रकल्प उभा नाही. जून २०२४ मध्ये केंद्रानं ७४५३ कोटींची योजना मंजूर केली, गुजरात आणि तमिळनाडूत ५०० मेगावॅट प्रत्येकी. मला मनापासून वाटतं, हे व्हावं, पण बोअरवर आणि वारा मोजण्यावर पैसा वाचवून होऊ नये. ती भेग मी रोज बघत मोठा झालोय.

रात्री बाबांनी गोठ्याचा विषय काढला, नवीन बांधायचाय. उद्या सकाळी चारही कोपऱ्यांवर खड्डे घेऊन पाहतो आम्ही, मुरूम कुठं लागतो ते.